ब्राझील समजायचा तर आधी घाट चढावा लागतो

ब्राझीलबद्दल तीन प्रश्न नेहमी विचारले जातात. एवढा ऐसपैस देश, मग माणसं किनाऱ्यालाच का चिकटून बसली? आजूबाजूला सगळे स्पॅनिश बोलतात, मधला हा एकटाच पोर्तुगीज कसा, आणि स्पॅनिश मुलखाचे तुकडे झाले तसे याचे का झाले नाहीत? आणि रिओसारखं शहर हाताशी असताना राजधानी उचलून माळावर का नेली? उत्तराची सुरुवात सनावळ्यांपासून केली तर गुंता वाढतो. जमिनीच्या उतारापासून केली तर बराचसा इतिहास आपोआप जागेवर बसतो.

आधी आकार. क्षेत्रफळ सुमारे 85 लाख चौरस किमी, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून थोडं जास्त. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 20.3 कोटी. चिली आणि इक्वेडोर सोडले तर दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्या देशांशी सीमा भिडलेली. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम पसारा जवळजवळ सारखाच, साधारण 4,300 किमी. ईशान्येच्या टोकावरच्या नाताल शहरातून आफ्रिकेचा किनारा सुमारे 3,000 किमीवर आहे. म्हणजे नातालकरांना देशाच्या पश्चिम सीमेपेक्षा आफ्रिका जवळची. गुलामांच्या व्यापाराचं गणित या अंतरात दडलेलं आहे, त्याकडे पुढे येऊच.

आता उतार. हा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर कळतो, कारण आपल्याकडे सह्याद्री आहे. ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याला लागून सेरा दो मार, म्हणजे ‘समुद्राचा डोंगर’, उभा आहे. खाली चिंचोळी दमट पट्टी, मग एकदम कडा, आणि वर पठार. सांतोस बंदर समुद्रसपाटीला, तर तिथून जेमतेम 70 किमीवरचं साओ पाउलो साडेसातशे मीटर उंचीवर. (‘साओ’ म्हणजे संत. गोव्याच्या सांजांवमधला ‘सां’ तोच.) कृष्णा महाबळेश्वरला समुद्रापासून साठ-पासष्ट किमीवर उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे न वळता पूर्वेला 1,400 किमी चालत जाते, हे आपण शाळेत शिकलो. साओ पाउलोची तिएते नदी त्याहून हट्टी आहे. तिचा उगम अटलांटिकपासून सुमारे 22 किमीवर, पण ती समुद्राकडे पाठ करून आत, वायव्येकडे जाते. सुमारे 1,100 किमी वाहून पराना नदीला मिळते, आणि ते पाणी शेवटी अर्जेंटिनाच्या बाजूने समुद्राला लागतं. 22 किमीचा रस्ता सोडून तीन हजार किमीहून मोठा वळसा. कुरितिबाजवळ उगम पावणाऱ्या इग्वासूचंही तसंच, आणि तिचे प्रसिद्ध धबधबे याच पश्चिमेकडच्या प्रवासात आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या किनाऱ्यावर वसाहत झाली तिथून नावेत बसून आत जाता येईल अशी नदी नव्हती. आत शिरायचं तर घाट चढायचा, खेचरांवर माल लादायचा. घाट चढून गेलं की मात्र नद्या तुम्हाला थेट खंडाच्या पोटात नेतात. अठराव्या शतकात कुयाबाच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारे तांडे तिएतेच्या काठी, आजच्या पोर्तो फेलिसला, एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्यांत बसत आणि नदीमागून नदी बदलत साधारण पाच महिन्यांनी पोचत. धबधबा आला की होडीतला माल डोक्यावर.

घाटाचं कोडं एकोणिसाव्या शतकात सुटलं, तेही आपल्या ओळखीच्या पद्धतीने. बोरघाटातली रेल्वे 1863 ला सुरू झाली, सांतोसहून वर जाणारी 1867 ला. दोन्हींमागे ब्रिटिश भांडवल. फरक एवढाच, की बोरघाटात गाडीची दिशा उलटवून चढ पार केला, तर सेरा दो मारवर कड्यावर टप्प्याटप्प्याने स्थिर वाफेची इंजिनं बसवून डबे दोरखंडाने वर ओढले. एक डबा वर येताना दुसरा खाली, तोलासाठी. ही रेल्वे झाली नसती तर साओ पाउलोची कॉफी खेचरांच्या पाठीवरच अडली असती.

विजेचीही तीच गोष्ट. टाटांनी घाटमाथ्यावरचं पूर्वेकडे जाणारं पाणी अडवून 1915 मध्ये खोपोलीला कोकणात सोडलं. ब्राझीलमध्ये 1926 साली कुबातांवला तिएतेच्या खोऱ्यातलं पाणी कड्यावरून सुमारे 720 मीटर खाली सोडून वीज तयार होऊ लागली. पुढे साओ पाउलोतल्या पिन्येइरोस नदीचा प्रवाहच पंपांनी उलटा फिरवला. त्यात शहराचं सांडपाणी मिसळत गेलं, वरचा तलाव नासला, आणि 1992 पासून हा उपसा पूर नियंत्रणासारख्या प्रसंगांपुरता मर्यादित करावा लागला. उलटं फिरवलेलं पाणी सोबत काय घेऊन येईल याचा हिशोब आधी केला नव्हता.

ॲमेझॉनचा भाग याच्या अगदी उलट. तिथे अडथळा डोंगराचा नाही. पेरूच्या सीमेवर, मुखापासून तीन हजार किमीवरही, नदी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा वर नाही. त्यामुळे समुद्रातली जहाजं दीड हजार किमी आत मनाउसपर्यंत जातात. पण पाण्याची पातळी वर्षात दहा मीटरहून जास्त वरखाली होते. मनाउस बंदरात 1902 पासून रोज नोंद ठेवतात. 2021 मध्ये तो आकडा 30 मीटरच्या वर गेला, आणि 2023 व 2024 च्या दुष्काळांत 13 मीटरच्या खाली आला. म्हणून तिथला धक्का तरंगता आहे.

जंगल हिरवंगार म्हणून जमीन सुपीक, हा समज बऱ्याच योजनांना भोवला. पावसाने माती धुतलेली असते. सगळं सत्त्व झाडांत आणि वरच्या वीतभर पाचोळ्यात. जंगल तोडून जाळलं की राखेवर दोन-तीन वर्षं पीक येतं, मग शेतकरी गवत लावून गुरं सोडतो, काही वर्षांत तेही खुरटतं आणि तो पुढचा तुकडा तोडतो. 1970 मध्ये ईशान्येच्या दुष्काळानंतर लष्करी सरकारने ट्रान्स-ॲमेझॉन महामार्ग आखून भूमिहीनांना तिकडे पाठवलं, तेव्हा नेमकं हेच झालं. उपग्रहाच्या चित्रात आजही मुख्य रस्ता आणि त्यातून निघालेले आडवे फाटे माशाच्या काट्यासारखे दिसतात. जंगलाचा सुमारे पाचवा हिस्सा गेला आहे. त्याचा फटका फक्त तिथे बसत नाही. जंगलातून उठलेली वाफ अँडीजला अडून दक्षिणेला वळते आणि साओ पाउलोपर्यंतच्या पावसाला हातभार लावते. तिथे याला ‘उडत्या नद्या’ म्हणतात.

ईशान्येत किनारा हिरवा, पण थोडं आत गेलं की सेर्तांव, म्हणजे काटेरी झुडपांचा कोरडा मुलूख. 1877 ते 79 मध्ये सेआरा प्रांतात जो दुष्काळ पडला त्यात लाखो माणसं मेली. जवळपास त्याच काळात, 1876 ते 78 मध्ये, सोलापूर, विजापूर, साताऱ्याकडे दख्खनचा मोठा दुष्काळ चालू होता. हा योगायोग नव्हे. प्रशांत महासागरातला एकच जबरदस्त एल निनो दोन्हींच्या मुळाशी होता. सेआरातून जगण्यासाठी निघालेली माणसं ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढायला गेली, आणि रबराच्या पैशावर 1896 मध्ये मनाउसला ऑपेरागृह उभं राहिलं. 1876 मध्येच हेन्री विकहॅमने सुमारे सत्तर हजार बिया इंग्लंडला नेल्या होत्या. मलायातले मळे चिकाला लागल्यावर, 1910 नंतर, ब्राझीलचं रबर झोपलं. ब्राझीलमध्ये रबराची झाडं ओळीने लावून मळे का जमले नाहीत, याचं कारण पानांवरचा एक बुरशीजन्य रोग. जंगलात झाडं लांब-लांब असतात म्हणून तो आवरलेला राहतो, ओळीत लावली की वणव्यासारखा पसरतो. आशियात तो रोग पोचला नव्हता.

आता पोर्तुगीजांकडे. 1494 च्या तोर्देसिय्यास करारात स्पेन आणि पोर्तुगालने केप व्हर्देच्या पश्चिमेला 370 लीगवर उभी रेघ मारून न पाहिलेलं जग वाटून घेतलं. ब्राझीलचा पुढे आलेला पूर्वेचा फुगवटा रेघेच्या पोर्तुगीज बाजूला पडला. 22 एप्रिल 1500 ला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल तिथे लागला तेव्हा तो निघाला होता भारताकडे. तेरा गलबतांचा तो ताफा पुढे कालिकतला आला. लिस्बनच्या दृष्टीने मिरी मोठी होती, ब्राझील वाटेतला थांबा. तिथे मिळत होतं ते लाल रंग देणारं एक लाकूड, ज्यावरून देशाला नाव पडलं.

1532 मध्ये पहिली कायम वसाहत, सांव व्हिसेंती, मार्तिम अफोन्सो दि सोझाने वसवली. हाच माणूस दहा वर्षांनी गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर होता. फ्रान्सिस झेवियर त्याच्याच ताफ्यातून गोव्याला आले. एकच अधिकारीवर्ग दोन्ही किनाऱ्यांवर फिरत होता, आणि त्यांच्यासोबत रोपंही. काजू, अननस आणि मॅनिऑकचा कंद तिकडून निघाला. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्दसुद्धा मुळात ब्राझीलकडच्या तुपी-ग्वारानी भाषांतले. साबुदाणा त्याच मॅनिऑकचा. बटाटा, शेंगदाणा, मिरचीही अमेरिकेतलीच. म्हणजे एकादशीच्या खिचडीत आपलं म्हणावं ते तूप आणि जिरं, आणि खरं तर जिरंही पश्चिमेकडून आलेलं. उलट दिशेने आंबा आणि नारळ तिकडे गेले. गुरं बरीच नंतर गेली: ब्राझीलच्या कुरणांवर आज जी पांढरी ‘नेलोरी’ जात दिसते ती आंध्रातल्या ओंगोल गाईची लेक.

किनाऱ्याचे पंधरा आडवे पट्टे पाडून 1534 पासून ते खासगी धनिकांना दिले गेले. खर्च त्यांचा, वाटा राजाचा. दोनच नीट चालले, पेर्नांबुको आणि सांव व्हिसेंती. बाकीचे पैशाअभावी आणि स्थानिक लोकांच्या प्रतिकारामुळे बुडाले. म्हणून 1549 मध्ये साल्वादोरला थेट राजाचा कारभार सुरू झाला.

पेर्नांबुको तरला तो उसावर. हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबतो, म्हणून चरक शेतातच हवा. चरक पाण्यावर किंवा बैलांवर फिरे, रस तांब्याच्या काहिलींत एकातून दुसरीत आटवत नेत, मळी वरून काढत. हंगाम आठ-नऊ महिने, भट्टी रात्रंदिवस. आपल्याकडे पाक वाफ्यात ओतून गूळ होतो. तिथे तो तळाला भोक असलेल्या उलट्या शंकूसारख्या मडक्यांत ओतत आणि वर ओल्या चिकणमातीचा थर लावत. मातीतलं पाणी हळूहळू झिरपून काकवी धुऊन नेई. महिना-दीड महिन्याने मडकं उलटलं की रुंद बाजूची साखर पांढरी, मधली तपकिरी, टोकाची काळपट. पांढरी सगळ्यात महाग विके. चरकात हात सापडला तर तो तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. ही भट्टी ज्यांच्या जिवावर चाले ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. साडेतीनशे वर्षांत ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख माणसं अशी उतरवली गेली, अमेरिका खंडातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. समुद्र तिथे अरुंद, वाहतूक स्वस्त. त्यामुळे गुलाम मेला तर नवा आणणं मालकाला परवडे, इतकं ते निर्दय गणित होतं. पळालेल्यांनी डोंगरात वस्त्या केल्या. त्यातली सगळ्यात मोठी पाल्मारेस, तिचा नायक झुंबी. तो 20 नोव्हेंबर 1695 ला मारला गेला. तो दिवस आता राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

साखरेच्या लोभाने डच 1630 ते 1654 पेर्नांबुकोत बसले आणि हुसकले गेले. खरा पालट 1690 च्या दशकात झाला, मिनास जेराइसमध्ये सोनं सापडल्यावर. पहिल्यांदाच माणसं लोंढ्याने घाट चढली. राजाचा हिस्सा पाचवा. आपण चौथाई वाचलेली माणसं, तेव्हा हे ओळखीचं वाटेल. सोन्याची भुकटी सरकारी भट्टीत आणायची, पंचमांश कापून बाकीची शिक्क्याची लगड परत. चुकवाचुकवी अर्थातच जोरात. ढोंगी माणसाला ब्राझीलमध्ये ‘पोकळ लाकडाचा संत’ म्हणतात. मूर्तीच्या पोटातून सोनं नेत त्यावरून, असं लोक सांगतात. सोन्यामुळे राजधानी 1763 मध्ये साल्वादोरहून रिओला, म्हणजे खाणींच्या बंदराला आली. आणि तोर्देसिय्यासची रेघ निरर्थक झाली: 1750 च्या माद्रिद करारात ‘ज्याचा ताबा त्याची जमीन’ हे तत्त्व आलं, आणि ब्राझीलचा आजचा आकार साधारण तेव्हाच ठरला.

मग तुकडे का झाले नाहीत? माझ्या मते सर्वांत वजनदार कारण 1808. नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या दाराशी आलं तेव्हा राजघराणं दरबार, दप्तर आणि तिजोरीसकट ब्रिटिश आरमाराच्या सोबतीने रिओला निघून आलं. वसाहतच साम्राज्याची राजधानी झाली. तोवर ब्राझीलमध्ये ना विद्यापीठ होतं ना छापखाना, तर गोव्यात छपाई 1556 मध्येच सुरू झालेली. शिकायचं तर पोर्तुगालमधल्या कोइंब्राला जा. त्यामुळे प्रांतोप्रांतीचे वरचे लोक एकाच विद्यापीठात घडलेले, एकमेकांना ओळखणारे. राजा परतला, मुलगा पेद्रो मागे राहिला, आणि 7 सप्टेंबर 1822 ला त्यानेच स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने मान्यता दिली 1825 मध्ये, वीस लाख पौंड वसूल करून. दुसरं कारण कमी गौरवाचं. जमीनदारांना भीती होती की यादवी झाली तर गुलाम उठतील. तरी एकी फुकट मिळाली नाही. 1830 च्या दशकात उत्तरेत पाराला आणि दक्षिणेत रिओ ग्रांदीला बंडं झाली. दक्षिणेचं दहा वर्षं चाललं.

1850 चा सप्टेंबर या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित महिना आहे. त्या एका महिन्यात दोन कायदे झाले: गुलामांची आयात बंद, आणि सरकारी जमीन यापुढे फक्त विकत मिळेल. मजूर उद्या मोकळा होईल, पण त्याला जमीन मिळू नये, ही तजवीज आधीच झाली. 13 मे 1888 ला गुलामी संपली ती दोन कलमांच्या कायद्याने, त्यात ना जमीन ना मोबदला. कॉफीच्या मळ्यांवर इटालियन आले, 1908 पासून जपानीही. दीड वर्षाने, 15 नोव्हेंबर 1889 ला, जमीनदारांचा पाठिंबा गमावलेली राजेशाही लष्कराने उलथली. पुढची चाळीस वर्षं सत्ता साओ पाउलोची कॉफी आणि मिनासचं दूध यांच्यात फिरली. 1929 ला जगाचा बाजार कोसळला, आणि वार्गास सत्तेत आल्यावर सरकारने 1931 ते 44 मध्ये कॉफीची सात कोटींहून अधिक पोती भाव टिकवायला जाळली किंवा समुद्रात बुडवली.

राजधानी आत नेण्याची तरतूद 1891 च्या राज्यघटनेतच होती. राष्ट्राध्यक्ष कुबिचेकने ती 21 एप्रिल 1960 ला अमलात आणली, आणि रिओऐवजी ब्रासीलिया हे नवं शहर राजधानी झालं. आराखडा लुसिओ कोस्ताचा, इमारती वास्तुकार नीमायरच्या. तारीख मुद्दाम निवडलेली: 1792 मध्ये याच दिवशी मिनासच्या उठावातला तिरादेन्तिस फासावर गेला होता. शहर सुमारे 1,100 मीटर उंचीच्या सेराडो माळावर. त्या वेळी तो माळ निकामी समजला जाई, कारण माती आम्लधर्मी, ॲल्युमिनियममुळे मुळं जळायची, स्फुरद नाही. 1973 मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा संस्थेने हेक्टरी काही टन चुनखडी घालणं, स्फुरद देणं आणि मुळांवर नत्र धरणारे जिवाणू बियाण्याला चोळणं हा क्रम बसवला. सोयाबीनचं मूळ वाण विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत वेळेआधी फुलोऱ्यावर येऊन खुजं राही, ते बदललं. माळ शेतीखाली आला, आणि निम्म्याच्या आसपास मूळ झाडोरा गेला.

लष्कराची राजवट 1964 ते 1985. जाताना तिने मागे ठेवली ती महागाई. 1986 ते 1994 मध्ये पाच नवी चलनं आली. भाव गोठवले की दुकानांतून माल गायब होई, सोडले की उसळी. 1994 चा उपाय वेगळा होता. आधी मार्चपासून ‘युआरव्ही’ नावाचं नुसतं मोजमाप आणलं. दुकानात किंमत त्यात लिहायची, पैसे जुन्या नोटांत, रोजच्या जाहीर दराने द्यायचे. लोकांना स्थिर आकडा बघायची सवय झाली. 1 जुलैला 1 युआरव्ही, म्हणजे 2,750 जुने क्रुझेइरो रियाल, बरोबर 1 रियाल असं करून नवी नोट हातात दिली. जूनची महागाई महिन्याला 47 टक्के होती, जुलैची 7 टक्क्यांच्या आत.

देशाच्या आतल्या मातो ग्रोसो राज्याचं सोयाबीन मात्र आजही त्याच जुन्या अडचणीत आहे. शेतापासून सांतोसपर्यंत ट्रकला साधारण 2,000 किमी, आणि शेवटी घाट उतरायचाच. म्हणून उत्तरेचा बीआर-163 रस्ता महत्त्वाचा. त्याचं मिरितितुबापर्यंतचं डांबरीकरण 2020 मध्ये पूर्ण झालं. तिथे तापाजोस नदीच्या काठी माल बार्जमध्ये भरतात आणि तो ॲमेझॉनने, उताराच्याच दिशेने, समुद्राला जातो.